साथीच्या दिवसांत आईचं दम्याचं इंजेक्शन थांबवायचं का? रावपुऱ्यातल्या एका ताईंना उत्तर

बडोद्याच्या रावपुऱ्यातून एका ताईंनी विचारलंय. आई 61 वर्षांच्या. तिशीपासून दमा आणि गेली काही वर्षं मधुमेहही. दीड वर्षापूर्वीपर्यंत वर्षातून चार-चार वेळा ॲडमिट व्हायच्या, मधल्या काळात स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स चालूच असायचे. मग मेपोलिझुमॅब सुरू झालं, दर चार आठवड्यांनी 100 मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन. तेव्हापासून एकदाही ॲडमिट नाहीत आणि दोन जिने चढून गच्चीवर पापड वाळवायला जातात. आता घरात वाद सुरू आहे. भाऊ म्हणतात, हे बायोलॉजिक औषध प्रतिकारशक्ती दाबतं. कोविडसारखी साथ परत आली तर काय करायचं? निदान हिवाळ्यात फ्लूचा जोर असतो तेवढे दोन-तीन महिने तरी बंद ठेवू. ताईंना हे पटत नाही, पण भावाला काय सांगावं ते सुचत नाही.

आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. थांबवू नका. साथ नसतानाही नाही, आणि साथ आली तर मुळीच नाही. दम्याच्या उपचारांबाबत जगभर मार्गदर्शन करणाऱ्या ‘जिना’ या संस्थेनं 2020 च्या एप्रिलमध्येच हे स्पष्ट सांगितलं होतं: दम्याची चालू औषधं, पंप (इनहेलर) आणि बायोलॉजिक इंजेक्शनं धरून, सगळी चालू ठेवा. पुढची पाच वर्षं मी हे सतत पडताळून पाहत आलोय आणि माझं मत त्या सल्ल्यापासून हललेलं नाही.

भावाची भीती मात्र पोकळ नाही. ‘बायोलॉजिक’ हे एका औषधाचं नाव नाही, ते मोठ्या कुटुंबाचं आडनाव आहे: जिवंत पेशींत तयार केलेली, शरीरातलं एखादं ठरावीक रसायन किंवा पेशी नेमकी अडवणारी औषधं. सांधेवातासाठी अडॅलिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब देतात. त्यांनी दबलेला टीबी उफाळू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी आपण टीबीची तपासणी करून घेतो. रिटुक्सिमॅबनं अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशीच कमी होतात, आणि ते घेणाऱ्यांना कोविड जड गेला हेही खरं. भाऊंनी कुठेतरी हेच वाचलं असणार. पण आईंचं औषध या कुटुंबातलं असलं तरी त्याचं काम वेगळं आहे.

रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. आईंसारख्या दम्यात त्या श्वासनळ्यांच्या अस्तरात गर्दी करतात, तिथे सूज आणतात आणि चिकट कफ तयार करवतात. त्यांची वाढ आणि आयुष्य ज्या एका रसायनावर, म्हणजे इंटरल्युकिन-5 वर चालतं, ते मेपोलिझुमॅब अडवून ठेवतं. बेनरालिझुमॅब त्याच वाटेवर एक पाऊल पुढे जाऊन त्या पेशीच जवळजवळ संपवतं. ओमालिझुमॅब ॲलर्जीच्या आयजीई अँटिबॉडीला पकडतं. डुपिलुमॅब इंटरल्युकिन-4 आणि 13 यांचा निरोप पोचू देत नाही. व्हायरसशी लढण्याचं मुख्य काम इंटरफेरॉन (व्हायरस शिरला की पेशी सोडतात ती इशाऱ्याची रसायनं), टी-पेशी आणि दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडी यांच्याकडे असतं, आणि त्यांना ही इंजेक्शनं हात लावत नाहीत. आपल्या भागात कायम विचारला जाणारा प्रश्न टीबीचा. सांधेवाताच्या त्या औषधांसारखा टीबी उठवण्याचा दोष आईंच्या इंजेक्शनवर नाही. तो दोष स्टेरॉइडच्या गोळ्यांवर मात्र आहे.

इओसिनोफिल जंतांशी लढतात, म्हणून सुरुवातीला पोटात जंत नाहीत ना हे बघायचं असतं, ते आईंचं झालं असेल. मेपोलिझुमॅबच्या चाचण्यांमध्ये काही जणांना नागीणही झाली होती. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीची लस मिळते. तिच्याबद्दल पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारा. प्रतिकारशक्तीबद्दल भावाला इतकी काळजी असेल तर ती या ठिकाणी लावावी.

ओमालिझुमॅबबद्दल तर उलटच पुरावा आहे. ॲलर्जीचा जोर असला की व्हायरसविरुद्ध इंटरफेरॉन सोडणाऱ्या पेशी सुस्तावतात. अमेरिकेतल्या शहरी वस्त्यांमधल्या दमेकरी मुलांना शाळा उघडण्याआधी, म्हणजे सर्दीचा हंगाम सुरू होण्याआधी, ओमालिझुमॅब देऊन बघितलं. त्यांचे झटके कमी झाले, आणि ज्यांच्या पेशी सर्दीच्या व्हायरसला जास्त इंटरफेरॉननं उत्तर देऊ लागल्या त्यांना फायदा अधिक झाला. तो अभ्यास 2015 चा, कोविडच्या पाच वर्षं आधीचा. दमा शांत ठेवणं हीच व्हायरसविरुद्धची तयारी, हे मी तेव्हापासून पेशंटना सांगतोय.

आता कोविडमधले आकडे. भावाला गैरसोयीचा वाटणारा आणि तुम्हाला गैरसोयीचा वाटणारा, दोन्ही देतो. इटलीत गंभीर दम्याच्या 1504 रुग्णांची नोंद होती. पहिल्या लाटेत त्यांतल्या 26 जणांना कोविड झाला किंवा तसा दाट संशय आला, आणि 2 जण दगावले. नेदरलँड्समध्ये बायोलॉजिक घेणारे 634 जण होते. त्यांपैकी 9 जणांना कोविड झाल्याचं कळलं, 7 हॉस्पिटलमध्ये गेले, 5 जणांना व्हेंटिलेटर लागला, एक दगावला. ही दुसरी यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही दचकलो होतो. पण तेव्हा चाचण्या मुख्यतः हॉस्पिटलपर्यंत पोचलेल्यांच्याच होत होत्या. घरी दोन दिवस तापून उठलेला माणूस त्या 9 मध्ये मोजलाच गेला नाही. शिवाय ज्यांना जड गेलं त्यांना स्थूलपणासारखे दुसरे त्रासही होते. मग इंग्लंडमधून 1 कोटी 70 लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींचा अभ्यास आला. त्यात एक गोष्ट स्वच्छ दिसली: दमा असून ज्यांना अलीकडे स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या, त्यांना कोविडमध्ये मृत्यूचा धोका वाढलेला होता. ज्यांना तशा गोळ्या लागल्या नव्हत्या त्यांच्यात वाढ जवळजवळ दिसली नाही.

हे वाक्य भावाला दोनदा वाचून दाखवा. आईंच्या दम्यात धोक्याचा पत्ता गोळ्यांकडे जातो, आणि गोळ्यांपासून त्यांना दूर ठेवणारी गोष्ट म्हणजे हे इंजेक्शन.

मी हे पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. 2020 च्या एप्रिलमध्ये नागरवाडा सील झाला, बडोद्यातले रस्ते ओस पडले, आणि मी जिथे इंजेक्शनं देत असे त्या डे-केअरनं कुलूप लावलं. शहरातल्याच वाडी भागातल्या एका काकूंचा फोन आला. त्या ओमालिझुमॅबवर होत्या आणि त्या आठवड्यात त्यांचा डोस होता. मी म्हणालो, “काकू, एवढा एक डोस राहू द्या, बाहेर पडू नका.” तेव्हा मला तेच सुरक्षित वाटलं होतं. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन झाले. मेच्या उकाड्यात एका रात्री त्यांच्या मुलानं व्हिडिओ कॉल केला. काकू पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसल्या होत्या, खांदे वर ओढलेले. “डॉक्टर, बरं...” इतकं म्हणून थांबत होत्या आणि पुढच्या शब्दासाठी श्वास गोळा करत होत्या. वाक्य पुरं होईना. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या, द्याव्याच लागल्या, आणि महिनाभरात पुन्हा एकदा. साखर 300 च्या वर गेली, चेहरा सुजला, रात्रीची झोप उडाली. कोविड त्यांना शिवलाही नाही. जूनमध्ये इंजेक्शन पुन्हा चालू केलं, पण पूर्वीसारखं मोकळं वाटायला दिवाळी उजाडली. त्या फोनवर मी जे बोललो ते चुकीचं होतं. तेव्हापासून “एवढा एक डोस राहू द्या” हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघालेलं नाही.

डोस चुकला की लगेच काही दिसत नाही, म्हणून फसगत होते. मेपोलिझुमॅबचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण तीन आठवडे लागतात. एक डोस आठवडाभर पुढे गेला तर आकाश कोसळत नाही. पण दोन-तीन महिने थांबलात तर इओसिनोफिल परत वर चढतात आणि झटके त्यांच्या मागोमाग येतात. तीन वर्षांहून जास्त काळ हे औषध घेणाऱ्यांवर अभ्यास झालाय. ज्यांचं थांबवलं त्यांचे झटके चालू ठेवणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. ‘हिवाळ्यापुरतं बंद’ करायचं तर बंद ठेवलेले महिनेच व्हायरसचे असतात. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, दोन दिवस गच्चीवर थंड वारा, धूर आणि पाहुण्यांची गर्दी असते, आणि त्या आठवड्यानंतर माझी ओपीडी दरवर्षी भरते. नेमक्या तेव्हा आईंच्या श्वासनळ्या उघड्या टाकायच्या का?

गोळ्यांचा हिशेब एकदा कागदावर मांडा. प्रेडनिसोलोन रोज 40 मिलिग्रॅम, सात दिवस, म्हणजे 280. वर्षात असे चार कोर्स झाले तर 1120 मिलिग्रॅम. आयुष्यभरात मिळून साधारण एक ग्रॅम झाला तरी हाडं ठिसूळ होणं, मधुमेह, मोतीबिंदू यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. आईंनी पूर्वी एका वर्षात तेवढं घेतलेलं आहे. त्यांना मधुमेहही आहे. मे 2021 मध्ये गुजरात सरकारनं म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’, साथरोग म्हणून जाहीर केला, तेव्हा शहरातले वॉर्ड कशानं भरले होते ते बडोदेकर विसरलेले नाहीत. बेसुमार साखर आणि बेसुमार स्टेरॉइड, ही जोडी त्याच्या मुळाशी होती. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कोविडमध्ये जीव वाचवतं हे इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीनं जून 2020 मध्ये दाखवलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्यानं एक तृतीयांशानं कमी झाले, ऑक्सिजन लागणाऱ्यांचे एक पंचमांशानं. पण मात्रा होती 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काहीच फायदा नव्हता. आपल्याकडे व्हॉट्सॲपवरच्या यादीतून लोकांनी ते तापाच्या दुसऱ्या दिवशीच सुरू केलं. त्याचा मला आजही राग येतो.

आईंचा दमा वाढला आणि डॉक्टरांनी गोळ्यांचा कोर्स दिला, तर तो घ्यायचाच, साथ असली तरी. झटक्यात स्टेरॉइड टाळणं जिवावर बेतू शकतं. आपली सगळी धडपड झटका येऊच नये यासाठी आहे.

आता ताप आला तर काय? नुसती सर्दी, घसा खवखवणं असेल तर ठरलेल्या तारखेला इंजेक्शन घ्यावं. ताप चढलेला असेल, कोविड किंवा फ्लूची चाचणी पॉझिटिव्ह असेल, ऑक्सिजन 94 च्या खाली असेल, तर तो डोस बरं वाटेपर्यंत काही दिवस पुढे ढकला आणि फुफ्फुसाच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोला. इथे ‘काही दिवस’ म्हणजे खरोखर काही दिवस. बऱ्या झाल्या की लगेच डोस द्यायचा आणि पुढच्या तारखा तिथून मोजायच्या.

पंप एकही दिवस बंद नाही. बडोद्यात पेशंट मराठी असो की गुजराती, इनहेलरला सगळे पंपच म्हणतात, आणि साथ आली की हाच पंप बाजूला पडतो, “यात स्टेरॉइड आहे ना” म्हणून. त्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट श्वासनळीत जाते. ब्रिटनमध्ये कोविडच्या सुरुवातीच्या दिवसांत बुडेसोनाइड या स्टेरॉइडच्या साध्या पंपानं फायदा होतो का हेही तपासलं गेलं, आणि घरीच असलेले रुग्ण थोडे लवकर बरे झाले. पंप घाबरण्यासारखा असता तर असं दिसलं नसतं.

साथीच्या काळात नेब्युलायझरपेक्षा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचा प्लॅस्टिकचा नळा) बरा. नेब्युलायझरची वाफ खोलीभर पसरते आणि तिच्याबरोबर व्हायरसही. बारीकसारीक वाटेल, पण स्पेसर कसा धुता तेही महत्त्वाचं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, त्यात बुडवून काढा, आणि फडक्यानं न पुसता तसाच उभा करून वाळू द्या. पुसलात की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध फुफ्फुसात जाण्याऐवजी प्लॅस्टिकला चिकटतं. गेल्या वर्षी एक काका “पंप चालत नाही” म्हणत स्पेसर घेऊन आले. आतून तो पांढऱ्या भुकटीनं धुरकट झाला होता. त्यांचं औषध बदललं नाही, नुसती धुण्याची पद्धत बदलली.

घरी पीक फ्लो मीटर ठेवा, म्हणजे जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचं छोटं यंत्र. आई बऱ्या असताना आठवडाभर सकाळी फुंकायला सांगा आणि सगळ्यात चांगला आकडा वहीत लिहून ठेवा. समजा तो 320 आला. त्याच्या 80 टक्के म्हणजे 256. त्याखाली दोन दिवस राहिला तर डॉक्टरांना फोन. 60 टक्क्यांखाली, म्हणजे 190 च्या आसपास आला, बोलताना वाक्य तुटू लागलं किंवा पंप घेऊनही चार तास आराम टिकला नाही, तर फोनची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. साथ असो की संचारबंदी असो.

हॉस्पिटलमध्ये गेल्यावर होणारा एक घोळ सांगून ठेवतो. कोविडमध्ये रक्तातले इओसिनोफिल खाली जातात, आणि तेव्हा रेसिडेंट डॉक्टर रिपोर्टमध्ये तो आकडा आधी बघायचे. बेनरालिझुमॅबवर असलेल्या माणसाचा आकडा बाराही महिने शून्य असतो. तो शून्य बघून ‘कोविडच असणार’ असं ठरवून एकाला संशयितांच्या वॉर्डात ठेवलेलं मी पाहिलंय. त्याला नुसता दमा होता. मेपोलिझुमॅबनंही आकडा बराच खाली येतो. म्हणून आईंच्या पर्समध्ये पोस्टकार्डाएवढा एक कागद ठेवा: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, पंपाचं नाव, मधुमेहाच्या गोळ्या. वर मोठ्या अक्षरात लिहा, ‘इओसिनोफिल औषधामुळे कमी’.

पंपाचं नाव लिहायला एक वेगळं कारणही आहे. तुम्ही लिहिलंय की आई फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉलचा पंप घेतात. कोविडसाठी ज्या गोळ्यांमध्ये रिटोनाविर असतं, त्या यकृतात ही दोन्ही औषधं लवकर मोडू देत नाहीत. साल्मेटेरॉल साचलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. त्या गोळ्या कोणी लिहून दिल्या तर घेण्याआधी पंपाचं नाव दाखवा. डॉक्टर तेवढ्या दिवसांसाठी पंप बदलून देतील. स्वतःहून पंप बंद करू नका.

लशींबद्दल थोडक्यात. फ्लूची लस दरवर्षी घ्या, न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियाविरुद्धची, डॉक्टर सांगतील तशी. कोविडची लस मेपोलिझुमॅबवर असताना घेता येते. पहिल्यांदाच बायोलॉजिक सुरू करताना तो डोस आणि लस एकाच दिवशी घ्यायची नसते, एवढंच पथ्य, म्हणजे काही रिॲक्शन आली तर कशाची ते कळतं. आई तर दीड वर्षापासून घेतच आहेत. 2021 च्या सुरुवातीला कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात ‘प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारी औषधं घेणाऱ्यांनी घेऊ नये’ अशा अर्थाचं वाक्य होतं. तेव्हा माझ्या बायोलॉजिकवरच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटचा फोन आला. मार्चमध्ये 45 ते 59 वयाच्या आजारी लोकांना लस खुली झाली, तर यादीत अट होती: श्वसनाचा गंभीर आजार आणि दोन वर्षांत हॉस्पिटलमध्ये दाखल, किंवा फुंकण्याच्या तपासणीत एफईव्ही-1 (पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या निम्म्याहून कमी. ज्यांचं दाखल होणं इंजेक्शनमुळेच टळलं होतं ती माणसं त्या अटीत बसेनात, आणि त्यांना 1 एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. औषधानं बरा दिसणारा माणूस कागदावर निरोगी ठरतो. तुमच्या भावाच्या बोलण्यातही मला तेच दिसतं. आई बऱ्या दिसतात, म्हणून औषध थांबवता येईल असं त्यांना वाटतं. त्या बऱ्या दिसतात त्या औषधामुळे.

शेवटी पुरवठ्याचं. दवाखाने बंद झाले तर घरी इंजेक्शन देता यायला हवं, म्हणून आतापासूनच नर्सकडून किंवा डॉक्टरांसमोर एक-दोनदा स्वतःच्या हातानं देऊन बघा. औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं: फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, खोक्यासकट. दारात नको, फ्रीझरला टेकून तर मुळीच नको. गोठलं की ते वाया गेलं. तयार पेन असेल तर न उघडलेलं खोकं 30 अंशांपर्यंत सात दिवस टिकतं. पण आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, वीज दुपारभर गेली तर तो हिशेब चालत नाही. आणताना थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवा आणि मधे जाड टॉवेलची घडी घाला, म्हणजे औषध थेट बर्फाला लागणार नाही.

द्यायच्या आधी अर्धा तास पेन बाहेर काढून ओट्यावर ठेवा. उन्हात नको, गरम पाण्यात नको. मांडीवर किंवा बेंबीपासून चार बोटं सोडून पोटावर द्या, आणि दर वेळी जागा बदला. दिल्यावर लगेच कालनिर्णयवर 28 दिवसांनंतरची तारीख मांडा, आणि तिच्या दहा दिवस आधीच्या चौकटीत ‘केमिस्टला फोन’ असं लिहा. साथीत आधी औषधाची गाडी अडते. हे दहा दिवस त्यासाठी हाताशी ठेवायचे.